बांधावरच्या गप्पा : गुरुजींचीही शेतीशाळा भरते



गेल्या खेपेला आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची ते पाहिले. साठवणीतल्या किडीबद्दल लिहीन असे मी कबूल केले होते. ते पुढच्या खेपेला नक्की लिहितो. आज मात्र शेताच्या बांधावरून उठून जरा शाळेच्या ओट्यावर बसू. विषय पोरांच्या शाळेचा आहे, पण वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल की तो आपल्या शेतीहून फार लांबचा नाही.

त्याचे असे झाले. भगर आणि मक्याच्या पेऱ्याची पाहणी करायला मी तोरणमाळला गेलो होतो. शहाद्याहून राणीपूरवरून घाट चढला की सातपुड्याच्या माथ्यावरचे हे पठार लागते. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथाचे मंदिर पाहायला हौशी माणसे येतात. पण पठार सोडून चार पावले खाली उतरले की दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले पाडे लागतात. एक घर या टेकडीवर, तर दुसरे त्या टेकडीवर. पावसाळ्यात ढग अंगणात उतरतात आणि दहा पावलांवरचा बैल दिसेनासा होतो. त्या दिवशी असाच पाऊस धरला. आमची गाडी पुढे जाईना, म्हणून एका शाळेच्या ओसरीला थांबलो. आत केंद्राची शिक्षण परिषद चालू होती. केंद्रप्रमुख ओळखीचे निघाले. म्हणाले, "साहेब, बाहेर का भिजता? आत या, चहा घ्या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आसपासच्या दहा-पंधरा शाळांचे मिळून एक केंद्र असते. त्या केंद्रातले शिक्षक ठरावीक दिवशी एका शाळेत जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आत पाहिले तर चिखलाने भरलेल्या चपला दाराशी, रेनकोट खिडकीच्या गजांना टांगलेले, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली पंधरा-वीस मोठी माणसे. काही जण मोटारसायकलीवर, तर काही जण डोंगर चढून पायी आलेले.

पहिला तास आमच्या खात्याच्या बैठकीसारखाच गेला. परिपत्रके वाचली, तक्ते भरले, सह्या झाल्या. मी मनात म्हटले, पाऊस कधी उघडतो कोण जाणे. पण चहा झाल्यावर एक तरुण बाई उठल्या. खालच्या पाड्यावर त्यांची शाळा. त्यांच्या हातात मोबाईल आणि मुठीएवढा स्पीकर होता.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे रेंज नाही आणि विजेचा भरवसा नाही. म्हणून शनिवारी शहाद्याला उतरते तेव्हा लागणारे धडे मोबाईलमध्ये भरून आणते. 'दीक्षा' ॲपमधले धडे एकदा उतरवून ठेवले की नंतर रेंज नसली तरी चालतात." मग त्यांनी पुस्तकातला चौकोनी ठिपक्यांचा शिक्का, म्हणजे क्यूआर कोड, मोबाईलसमोर कसा धरायचा ते दाखवले.

खरी गंमत त्यापुढे होती. त्यांनी मोबाईलवर एका म्हातारीचा आवाज लावला. पाड्यावरची आजी आपल्या बोलीत गोष्ट सांगत होती. बाईंनी ती तिच्या ओट्यावर बसून भरून घेतली होती. वर्गात आधी गोष्ट ऐकवायची, मग त्यातले शब्द एका कार्डावर बोलीत आणि दुसऱ्या कार्डावर मराठीत लिहून जोड्या लावायला द्यायच्या. मंडळी, आपल्याला हे साधे वाटते. पण इकडचे पोर पहिलीत येते तेव्हा घरची पावरी किंवा भिली बोली घेऊन येते. सातपुड्याची देवी याहा मोगी, आणि याहा म्हणजे आई. घरात जिला याहा म्हटले तिला पुस्तक आई म्हणते. असे शंभर शब्द एकदम अंगावर आले की पोर गप्प बसते, आणि आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे.

बाईंचे सांगून झाले. कुणाला काही विचारायचे आहे का, असे केंद्रप्रमुखांनी विचारले. कोपऱ्यात एक पिकल्या केसांचे गुरुजी बसले होते. निवृत्तीला तीन वर्षे राहिलेली. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "बाई, आमच्या शाळेत टीव्ही आहे. तो लावला की नुसता निळा पडदा येतो. पुढे काय करायचे असते?"

खोलीत कुणीतरी खुदकन हसले. गुरुजींच्या कानशिलावर लाली आली. पण ते खाली बसले नाहीत. म्हणाले, "दोन वर्षे झाली. टीव्हीवर चादर घालून ठेवली आहे. प्रशिक्षणाला तीनदा गेलो. समजले का, असे विचारले की मी समजले म्हणायचो."

मंडळी, हे ऐकले आणि माझ्या पोटात कालवले. कारण 'समजलं साहेब' हे उत्तर मी पंचवीस-तीस वर्षे गावोगाव ऐकत आलो आहे. आणि खरे सांगायचे तर ते खरे मानून वहीत टिपतही आलो आहे.

माझी फजिती

नवा नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. एका गावी ज्वारीच्या काणीवर मला बोलायचे होते. काणी म्हणजे कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते तो रोग. उपाय सोपा आहे. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ३०० मेश गंधकाची पूड ४ ग्रॅम चोळायची. मी जनरेटर नेला, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवली, तासभर भाषण केले. माणसे खूश झाली. 'समजलं साहेब' म्हणाली. त्या वर्षी गावात एकानेही गंधक चोळले नाही.

पुढच्या साली गावातल्या एका शेतकऱ्याच्या मेहुण्याने, म्हणजे दुसऱ्या गावच्या माणसाने, पेरणीला मदत करता करता बियाण्याला गंधक चोळून दिले. कणसे भरली तेव्हा बांधाच्या अलीकडे काळी भुकटी आणि पलीकडे मोत्यासारखे दाणे. त्याच्या पुढच्या साली गंधक कमी पडले! माझ्या पडद्याने जे झाले नाही ते त्या मेहुण्याच्या काळ्या-पिवळ्या हातांनी केले.

याचे कारण काय? साहेबाला विचारायची लाज वाटते, पण मेहुण्याला वाटत नाही. साहेब एकदा येतो आणि जातो, शेजारी मात्र रोज दिसतो. आणि शेजाऱ्याची जमीन, पाणी आणि अडचण आपल्यासारखीच असते. त्यामुळे त्याला जमले ते आपल्यालाही जमेल असे वाटते.

आमच्या खात्यालाही हे एका दिवसात कळले नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आली. वरचा अधिकारी खालच्याला शिकवणार, तो ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्याला, तो निवडक संपर्क शेतकऱ्यांना आणि ते बाकीच्या गावाला. तिने पुष्कळ कामही झाले. पण कालव्याचे पाणी जसे टोकाच्या शेतापर्यंत पोचता पोचता आटते, तसे ज्ञानही वाटेत आटत गेले. बरेचदा ते संपर्क शेतकऱ्याच्या वाड्यातच थांबले. पुढे १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी शेतीशाळा सुरू झाल्या. फवारण्या वाढत होत्या, मित्रकिडी मरत होत्या आणि तुडतुडे वाढतच होते. तिथे शेतकऱ्यांनाच बांधावर बसवले. किडी मोजा, चित्र काढा, आपसात चर्चा करा आणि निर्णय तुम्हीच घ्या. आज आपल्याकडे शेतीशाळा भरतात त्या याच वळणाच्या.

शिक्षकांचे प्रशिक्षणही याच कालव्याने येते. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला. टोकाचा पाडा कोरडा राहिला तर त्यात त्या पाड्यावरच्या गुरुजींचा दोष काय?

रिमोट कोणाच्या हातात?

तर पुन्हा त्या खोलीत येऊ. बाई पुढे आल्या. मला वाटले, आता त्या पटापट बटणे दाबून दाखवतील. आपली तरुण पोरे घरी तसेच करतात. 'आणा इकडे' म्हणतात, मोबाईल ओढून घेतात, काहीतरी करून परत देतात, आणि बाप पहिल्यासारखाच अडाणी राहतो. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी रिमोट गुरुजींच्या हातात दिला आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. "गुरुजी, तुम्ही दाबा. मी नुसते सांगते."

गुरुजींचे तीनदा चुकले. एकदा आवाज इतका मोठा झाला की ओसरीवरचे कुत्रे पळाले. चौथ्या वेळी 'सोर्स'चे बटण सापडले, पेनड्राइव्हचे नाव आले आणि धडा सुरू झाला. मग बाई म्हणाल्या, "आता बंद करा आणि परत लावा." दोनदा लावून झाल्यावर म्हणाल्या, "आता तुमच्या वहीत तुमच्या शब्दांत लिहा." गुरुजींनी लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. "एक, भिंतीवरचे बटण. दोन, टीव्हीचे बटण. तीन, निळा पडदा आला तर घाबरू नये." सगळे हसले. या वेळी गुरुजीही हसले.

आणि मग उलटा प्रकार झाला. गुरुजींनी बाईंची शब्दकार्डे हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, हा शब्द तुमच्या पाड्यावर चालेल. डोंगरापलीकडे त्याचा अर्थ निराळा होतो. तिथली पोरे हसतील." तीस वर्षे याच डोंगरात काढलेला माणूस. कोणत्या पाड्यावर काय बोलतात, दिवाळीनंतर कोणती घरे कामासाठी गुजरातेत उतरतात, परत आलेले पोर कुठे अडते, हे त्यांना तोंडपाठ. बाईंनी पेन काढले आणि लिहून घेऊ लागल्या. मघाशी हसलेले सरही वही उघडून बसले.

निघताना मी गुरुजींना म्हटले, "तीन वर्षे तर राहिलीत, एवढी धडपड कशाला?" ते म्हणाले, "साहेब, मी जाईन. पण टीव्हीवर चादर असली की पोरांना वाटते, गुरुजीच याला भितात, मग आपण कशाला हात लावायचा? ही भीती मागे ठेवून जायची नाही."

आपल्या मुलखात झालेली कामे

हे एका तोरणमाळचेच आहे असे नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात असे बरेच घडले. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्या सुमारास 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथे संदीप गुंड या शिक्षकाने गावाच्या मदतीने शाळा डिजिटल केली. मग ठिकठिकाणचे शिक्षक ती पाहायला जाऊ लागले आणि गुंड गुरुजीही इतरांना शिकवू लागले.

सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले तर जगाला ठाऊक झाले. २००९ साली ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेच्या एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला कोठार.  त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ साली राज्याने पाठ्यपुस्तकांत असे कोड आणायचे ठरवले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. एकटे पुढे गेलो तर गावाला काय उपयोग, हे त्यांना कळले होते.

आपल्या शेजारच्या, म्हणजे १ जुलै १९९८ पर्यंत आपलाच असलेल्या, धुळे जिल्ह्याचे उदाहरणही घ्या. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कला नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव सभा घेत फिरले. गावाने सत्तर टक्के वर्गणी काढली तर तीस टक्के मी घालतो, अशी त्यांची रीत. त्यातून जिल्हा परिषदेच्या शेकडो शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. गावाचा पैसा लागला की ते यंत्र सरकारचे राहत नाही, गावाचे होते. आपल्याच पैशाने आणलेले औत कुणी पावसात टाकत नाही.

आणि सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी खडू, गोट्या, काड्या आणि जमिनीवर आखलेल्या चौकटी यांच्या आधारे पोरे शिकती केली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे महागडे यंत्र नव्हते. पाहणारे परत आले ते यंत्र घेऊन नव्हे, रीत घेऊन.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टीव्ही म्हणजे शिक्षण नव्हे. पोरांना टीव्हीसमोर बसवून गुरुजी बाहेर गेले तर ते ठिबकची नळी पसरून पाणी न सोडण्यासारखे आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्याचे शिक्षण थांबले. पण त्याच काळात पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे कार्यकर्ते स्पीकर घेऊन पाड्यावर गेले, आणि झाडाखाली 'बोलकी शाळा' भरली. सोलापुरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. साधन लहान होते, पण त्यामागे शिकवणारे माणूस होते.

आपण काय करायचे?

तुम्ही म्हणाल, हे सगळे गुरुजींचे काम, आमचा त्यात काय संबंध? संबंध आहे. कारण जिथे जाणते गुरुजी बदलून जातात तिथे पुष्कळदा त्यांच्यामागे टीव्ही आंधळा होतो. गाव मात्र बदलून जात नाही. म्हणून या चार-पाच गोष्टी कराव्यात.

१. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. घरातल्या बाईला सहीपुरते नेऊ नये, बोलू द्यावे. कोणत्या पोराला काय येत नाही हे तिला जास्त ठाऊक असते.

२. शाळेत कोणकोणती साधने आहेत आणि त्यातली कोणती चालतात ते विचारावे. पण दरडावून नव्हे. 'गुरुजी, काही अडते का?' असे विचारले की चादर लवकर निघते.

३. विजेचे बिल थकून जोडणी तुटू देऊ नये. समितीत त्याची आधीच सोय लावावी. गावात मोटर-वायरिंगचे काम जाणणारा मुलगा असेल तर त्याने महिन्यातून एकदा शाळेत डोकवावे.

४. जाणते गुरुजी बदलून जाण्याआधी त्यांनी दुसऱ्या शिक्षकाला आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलांना सगळे दाखवून ठेवावे, असा आग्रह धरावा. ते वहीत लिहून कपाटात ठेवावे. आपण जसे पेरणीचे बी आधी बाजूला काढून ठेवतो, तसेच हे.

५. घरच्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत जाऊ द्यावे. त्यांची गोष्ट, गाणे, बियाण्यांची नावे गुरुजी मोबाईलमध्ये भरून घेतील. त्याला पैसा लागत नाही.

आणि सहावी गोष्ट घरातल्या तरुण पोरांसाठी. बापाने मोबाईलबद्दल काही विचारले तर मोबाईल ओढून घेऊ नका. त्याच्याच हातात राहू द्या, आणि त्या बाईंसारखे आपले हात पाठीमागे बांधा. चार वेळा चुकेल, पाचव्या वेळी येईल. आणि बापाने विचारायला लाजू नये. ज्याच्या बांधावर चांगले पीक उभे आहे त्याचे वय आपण बघत नाही, बी कुठून आणले ते विचारतो.

परवा शहाद्याच्या बाजारात त्या केंद्रप्रमुखांची गाठ पडली. गुरुजींच्या टीव्हीचे काय झाले, असे मी विचारले. म्हणाले, "टीव्ही चालू आहे. मधे चार दिवस बंद होता, वीज नव्हती. पण पुढच्या परिषदेत शेजारच्या शाळेच्या सरांना तो कसा लावायचा ते गुरुजी स्वतः दाखवणार आहेत."

"आणि चादर?" मी म्हटले.

"चादर धुऊन घरी नेली. थंडीत लागते म्हणाले."

तुमच्या गावच्या शाळेत काय चालते, काय अडते ते जरूर लिहून कळवा. पुढच्या खेपेला कणगीतल्या सोंड्याचा बंदोबस्त पाहू. तोवर राम राम.